सर्पदंश आणि वनौषधी : प्रयोगशाळेतील अर्कापासून रुग्णाच्या औषधापर्यंत

पावसाळा सुरू झाला की देशातील ग्रामीण भागात पेरणी, लावणी आणि निंदणीची कामे वेग घेतात. याच काळात बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात आणि सर्पदंशाच्या घटना वाढतात. भारतातील मृत्यूंच्या कारणांचा शोध घेणाऱ्या 'दहा लाख मृत्यू अभ्यास' या प्रदीर्घ पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २००० ते २०१९ या २० वर्षांत देशात सुमारे १२ लाख व्यक्ती सर्पदंशाने मरण पावल्या. वार्षिक सरासरी सुमारे ५८ हजार इतकी येते. यातील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले, तर एक चतुर्थांशाहून अधिक मृत्यू १५ वर्षांखालील मुलांचे होते. त्यापूर्वी २००५ या वर्षासाठी केलेल्या अंदाजात सुमारे ४६ हजार मृत्यू आढळले होते आणि त्यातील ७७ टक्के मृत्यू कोणत्याही आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात न पोहोचता झाले होते.

हा शेवटचा आकडा विशेष विचार करायला लावणारा आहे. दंश झालेली व्यक्ती रुग्णालयात पोहोचत नाही, यामागे अंतर, रस्ते आणि वाहनांचा अभाव ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला वैदू, मांत्रिक आणि झाडपाल्याच्या औषधावरील विश्वास हेही एक कारण आहे. दुसऱ्या बाजूला, याच झाडपाल्यात सर्पविषाचा प्रभाव कमी करणारी द्रव्ये आहेत काय, याचा शोध देशातील अनेक विद्यापीठांत गांभीर्याने घेतला जात आहे. या संशोधनाच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि 'अमुक वनस्पती सर्पदंशावर गुणकारी' असा त्यांचा अर्थ लावला जातो. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णावरील उपचार यांतील अंतर समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सर्पविष : एक नव्हे, अनेक विषांचे मिश्रण

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य बिनविषारी किंवा माणसाला धोका न पोहोचवणाऱ्या आहेत. गंभीर विषबाधा आणि मृत्यू यांना मुख्यत्वे चार साप कारणीभूत ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

सर्पविष हे एकच रसायन नसून अनेक प्रथिने व विकरे यांचे मिश्रण असते. नाग व मण्यार यांच्या विषातील काही प्रथिने मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेशवहन थांबवतात. पापण्या जड होतात, गिळणे कठीण जाते आणि शेवटी श्वसनाचे स्नायू निकामी होतात. घोणस व फुरसे यांच्या विषातील विकरे रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड घडवतात, त्यामुळे रक्तस्राव थांबत नाही. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. याशिवाय फॉस्फोलायपेज ए-२, मेटॅलोप्रोटीनेज आणि हायल्युरोनिडेज या विकरांमुळे दंशाच्या जागी सूज येते, पेशी मरतात आणि विष आजूबाजूच्या ऊतींमध्ये पसरते. एकाच जातीच्या सापाच्या विषाचे घटकही प्रदेशानुसार व सापाच्या वयानुसार बदलतात. म्हणून 'सर्पविषावरचे औषध' असे म्हटले की ते कोणत्या सापाच्या, विषातील कोणत्या घटकाच्या आणि शरीरावरील कोणत्या परिणामाच्या विरुद्ध आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

प्रतिविष : सामर्थ्य आणि मर्यादा

सर्पविषावर आज सिद्ध झालेला एकमेव विशिष्ट उपाय म्हणजे प्रतिविष. घोड्याला विषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचली जाते. त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे शुद्ध करून हे औषध बनवतात. फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला गेला. भारतात तयार होणारे बहुगुणी प्रतिविष वर उल्लेखिलेल्या चार सापांच्या विषांविरुद्ध असते. त्याच्या १ मिलिलिटर मात्रेने नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे. या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा पुरवठा तामिळनाडूतील इरुला आदिवासींची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था करते. सापांविषयीचे पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ कसा बसू शकतो, याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

तथापि, प्रतिविषाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. घोड्याची प्रथिने शरीरात गेल्याने काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते, त्यामुळे ते वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावे लागते. दंशाच्या जागी होणारी पेशींची हानी फार लवकर होते आणि प्रतिपिंडांचे मोठे रेणू तेथे वेळेत पोहोचत नाहीत. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा केली, की प्रतिविष ती भरून काढू शकत नाही. अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधाराने तगवावे लागते. चार प्रमुख सापांखेरीज इतर विषारी सापांच्या विषावर हे प्रतिविष पुरेसे पडत नाही, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले.

खेड्यात, दंशानंतर लगेच देता येईल, साठवण्यास सोपे असेल आणि स्थानिक हानी रोखेल असे पूरक औषध मिळाले तर अनेक जीव आणि अवयव वाचतील. वनस्पतींच्या अर्कांवरील संशोधनामागे हीच अपेक्षा आहे.

परंपरा आणि तिची पहिली मोठी तपासणी

विषचिकित्सा हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे. त्याला अगदतंत्र म्हणतात. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत विषबाधेवरील उपचारांचे सविस्तर वर्णन आढळते. केरळमध्ये विषवैद्यांची स्वतंत्र परंपरा आहे. मध्य भारत, ओडिशा, ईशान्य भारत आणि पश्चिम घाट येथील आदिवासी समाजांतही सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पतींची माहिती पिढ्यान्पिढ्या जपली गेली आहे.

या उपायांची शास्त्रीय तपासणी ही अलीकडची गोष्ट नव्हे. भारतातील विषारी सापांवरील सर जोसेफ फेअरर यांचा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तत्कालीन प्रचलित उताऱ्यांची प्राण्यांवर चाचणी घेतली होती, परंतु खात्रीचा उपाय त्यांना सापडला नाही. याहून व्यापक काम मुंबईच्या हाफकिन संस्थेत झाले. तेथील म्हसकर आणि केयस या संशोधकांनी सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या शेकडो भारतीय वनस्पती व त्यांची मिश्रणे तपासून १९३१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्यांपैकी कोणत्याही वनस्पतीचा प्रतिबंधक किंवा उपचारात्मक उपयोग सिद्ध झाला नाही. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाच्या १९३० च्या दशकातील आवृत्तीत वनस्पतीमागून वनस्पतीच्या वर्णनात 'सर्पविषावर उतारा नाही' अशा अर्थाची नोंद या संशोधकांच्या नावानिशी आढळते.

अनुभव फसवा का ठरतो?

तरीही गावोगावी 'अमक्या मुळीने माणूस वाचला' असे अनुभव सांगितले जातात. हे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात पुरेसे विष सोडतोच असे नाही. समजा, एखाद्या वैदूकडे १० रुग्ण आले. त्यांपैकी ६ जणांना बिनविषारी साप चावला होता, २ जणांना विषारी साप चावूनही विष अत्यल्प गेले होते आणि केवळ २ जणांना खरी विषबाधा झाली होती. यापैकी पहिले आठ जण कोणत्याही औषधाविना बरे झाले असते. उरलेले दोघे दगावले, तरी वैदूच्या खाती १० पैकी ८ रुग्ण वाचवल्याचे श्रेय जमा होते. दगावलेल्यांबाबत 'उशीर झाला' असे म्हटले जाते.

म्हणूनच केवळ अनुभवांची बेरीज हा पुरावा होत नाही. साप कोणता होता, विष शरीरात गेले होते काय आणि औषध न घेतलेल्या तशाच रुग्णाचे काय झाले, या तीन गोष्टी माहीत असल्याशिवाय औषधाचा गुण सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील चाचणीचे महत्त्व येथे आहे.

अर्काची चाचणी कशी होते?

पहिली पायरी वनस्पतीच्या अचूक ओळखीची असते. एकाच स्थानिक नावाने वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, म्हणून नमुन्याची वनस्पतिशास्त्रीय नोंद ठेवली जाते. मूळ, साल, पान किंवा बी वाळवून पाणी, अल्कोहोल अथवा मेथॅनॉल यांसारख्या द्रावकात त्याचा अर्क काढतात. द्रावक बदलला की अर्कातील द्रव्ये बदलतात. ऋतू, जमीन आणि झाडाचे वय यांचाही परिणाम होतो.

दुसऱ्या पायरीवर परीक्षानळीतील चाचण्या होतात. विषातील एकेका विकराची क्रिया अर्कामुळे किती मंदावते, रक्तद्रव गोठण्याच्या वेळेत काय फरक पडतो आणि तांबड्या पेशी फुटणे थांबते काय, हे मोजले जाते. या चाचण्या स्वस्त व जलद असतात, पण त्यांतून शरीरातील परिणाम कळत नाही.

तिसरी पायरी प्राण्यांवरील प्रयोगांची असून त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. ज्या मात्रेने चाचणीतील निम्मे उंदीर मरतात, ती विषाची 'मध्यम मारक मात्रा' प्रथम ठरवतात. नंतर या मात्रेच्या काही पट विष देऊन निम्मे उंदीर वाचवण्यास किती औषध लागते, हे पाहतात. त्याला 'मध्यम परिणामकारक मात्रा' म्हणतात. रक्तस्राव, पेशीनाश आणि रक्तातील फायब्रिनोजेन नष्ट होणे यांच्या वेगळ्या चाचण्या असतात. उदाहरणार्थ, त्वचेखाली २४ तासांत १० मिलिमीटर व्यासाचा रक्तस्रावाचा डाग पाडणारी मात्रा ही रक्तस्रावी परिणामाचे परिमाण मानली जाते. प्रतिविषाच्या गुणवत्तेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या या कसोट्या वनस्पतींच्या अर्कांनाही लावता येतात.

आधी विष की आधी औषध?

या चाचण्यांत एक बाब निर्णायक असते, ती म्हणजे विष आणि औषध देण्याचा क्रम. बहुतेक प्रयोगांत विष आणि अर्क एकत्र मिसळून, सुमारे अर्धा तास ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून मग ते मिश्रण उंदराला टोचले जाते. ही पद्धत प्रतिविषाच्या प्रमाणीकरणासाठी योग्य आहे. प्रतिपिंडे विषाच्या विशिष्ट भागालाच चिकटतात आणि रुग्णांवरील त्यांची उपयुक्तता स्वतंत्रपणे सिद्ध झालेली आहे. वनस्पतींच्या अर्काबाबत मात्र ही पद्धत फसवी ठरू शकते. अनेक वनस्पतींत टॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. कातडी कमावण्यासाठी ज्या गुणामुळे साली वापरतात तोच हा गुण : टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटते. परीक्षानळीत समोर केवळ विष असते, म्हणून ते निष्प्रभ होते. शरीरात मात्र रक्तातील आणि ऊतींमधील असंख्य प्रथिने आधी भेटतात. नळीतले यश तेथे टिकेलच असे नाही.

शेतकऱ्याला साप चावतो तेव्हा विष आधी शरीरात जाते आणि औषध नंतर. म्हणून खरी कसोटी म्हणजे आधी विष टोचून, काही वेळाने औषध देण्याचा प्रयोग. चिंचोक्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंचोक्याच्या अर्काने घोणशीच्या विषातील अनेक विकरांची क्रिया रोखली. विषासोबत आधी मिसळल्यावर सूज, रक्तस्राव आणि मृत्यू यांचे प्रमाण घटले. विष टोचल्यानंतर १० मिनिटांनी अर्क दिलेल्या प्राण्यांनाही संरक्षण मिळाले. हा निष्कर्ष निश्चितच महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चिंचोका किंवा लोहचुंबक यांमुळे विषाचा परिणाम कमी होतो, अशी समजूत आदिवासी समाजात आढळून आली. म्हैसूरच्या प्रयोगाने या समजुतीला पुष्टी मिळते काय? मुळीच नाही. प्रयोगशाळेत मोजून काढलेला अर्क ठरावीक मात्रेत, १० मिनिटांच्या आत प्राण्याला दिला गेला होता. चिंचोका जखमेवर दाबून धरल्याने रक्तात पोहोचलेल्या विषापर्यंत काहीच पोहोचत नाही. शिवाय डोंगराळ पाड्यावरून रुग्ण निघाला तर १० मिनिटांत तो रस्त्यालाही लागत नाही.

खाजकुयलीची कथा आणखी वेगळी आहे. नायजेरियात या वेलीच्या बिया सर्पदंशापासून बचावासाठी खाल्ल्या जातात. मलेशियातील मलाया विद्यापीठाच्या प्रयोगांत बियांचा अर्क आधी दिलेले उंदीर काही नागांच्या विषापासून बचावले. इटलीतील संशोधकांना असे आढळले, की बियांतील काही प्रथिनांविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे फुरशाच्या विषातील प्रथिनांनाही ओळखतात. म्हणजे येथे परिणाम दिसतो तो लसीसारखा, दंशाआधी तयारी करून घेण्याचा. दंश झाल्यानंतर या बियांचा उपयोग होईल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आश्वासक निष्कर्ष

याचा अर्थ वनस्पतींत काहीच नाही, असा मात्र नव्हे. कोलकाता विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये अनंतमूळ अर्थात उपळसरीच्या मुळातून घोणस-वर्गीय विषाला रोखणारे एक द्रव्य वेगळे केले. पुढे त्याची रासायनिक रचनाही निश्चित झाली. हा एक साधा, लहान रेणू आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या रेणूमुळे प्रतिविषाची परिणामकारकता वाढत असल्याचे दिसले. याच विद्यापीठात २००३ मध्ये निर्गुडी आणि आवळा यांच्या मुळांच्या अर्कांनी घोणस व पूर्व भारतातील नाग यांच्या विषाची मारकता कमी केल्याचे आढळले. ब्राझीलमध्ये १९८९ मध्ये माक्याच्या अर्काने आणि त्यातील वेडेलोलॅक्टोन या द्रव्याने दक्षिण अमेरिकेतील खुळखुळ्या सापाच्या विषाचा मारक तसेच स्नायूंना इजा करणारा परिणाम घटल्याचे दिसून आले. हाच माका भारतात सर्वत्र उगवतो.

या अभ्यासांतून एक समान सूत्र हाती येते. वनस्पतीजन्य लहान रेणू ऊतींमध्ये लवकर शिरू शकतात आणि फॉस्फोलायपेज किंवा मेटॅलोप्रोटीनेज यांसारख्या विकरांना रोखू शकतात. जेथे प्रतिविष कमी पडते, त्या स्थानिक हानीच्या क्षेत्रातच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक आहे. प्रतिविषाला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याचा साहाय्यक म्हणून त्यांच्याकडे पाहणे शास्त्रीयदृष्ट्या उचित ठरेल.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

सापसंद किंवा ईश्वरी ही वेल तिच्या नावापासूनच सापाशी जोडली गेली आहे. तिच्या कुळातील वनस्पतींत असणारे ऍरिस्टोलोकिक आम्ल घोणशीच्या फॉस्फोलायपेज विकराला नेमके कोठे जाऊन चिकटते, हे नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये स्फटिक-रचनेच्या साहाय्याने दाखवले. परंपरेला मिळालेला हा मोठाच दुजोरा वाटावा. परंतु हेच आम्ल मूत्रपिंडे कायमची निकामी करते. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या वनौषधींत या कुळातील वनस्पती चुकून मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आज हे आम्ल मानवी कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. जे द्रव्य परीक्षानळीत विषाला रोखते, ते रुग्णाला देण्याजोगे असेलच असे नाही.

सर्पगंधेचा इतिहास दुसरा धडा देतो. सर्पदंशावरील मुळी म्हणून तिची ख्याती जुनी आहे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अजमलीन वेगळे केले. त्याच वर्षी सेन आणि बोस यांनी रक्तदाब व मानसिक विकारांवरील तिचा उपयोग नोंदवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन मिळाले. सापाच्या नावाने ओळखली जाणारी वनस्पती जगाला रक्तदाबाचे औषध देऊन गेली, सर्पदंशाचे नाही. पारंपरिक माहिती संशोधनाची दिशा दाखवते. मुक्कामाचे ठिकाण मात्र चाचणीनंतरच कळते.

औषधापर्यंतचा मार्ग

प्राण्यांवरील यशानंतर विषाक्तता चाचण्या, मात्रा निश्चिती, प्रत्येक उत्पादन-गटात समान गुण राखण्यासाठी प्रमाणीकरण आणि मग माणसांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्या असा मार्ग असतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये औषध नियमांत वनस्पतीजन्य औषधांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यानुसार शुद्ध व प्रमाणित अर्कात किमान चार क्रियाशील अथवा वनस्पती-रासायनिक घटकांची गुणात्मक व परिमाणात्मक मोजणी आवश्यक असते. वनस्पतींच्या अर्कांना आधुनिक औषध म्हणून मान्यता मिळण्याचा कायदेशीर रस्ता त्यामुळे खुला झाला आहे.

सर्पदंशातील मानवी चाचण्यांना एक नैतिक मर्यादा आहे. प्रतिविष उपलब्ध असताना ते न देता केवळ नवे औषध देऊन पाहणे समर्थनीय ठरत नाही. म्हणून नवे औषध नेहमीच्या उपचारांसोबत द्यावे लागते. फॉस्फोलायपेज रोखणाऱ्या वॅरेस्प्लाडिब या कृत्रिम रेणूची तोंडावाटे देण्याच्या स्वरूपात भारत व अमेरिकेत अशीच चाचणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण रुग्णांमध्ये ठळक फरक दिसला नाही. दंशानंतर ५ तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये मात्र लाभाचे संकेत मिळाले. वनस्पतीजन्य रेणूंनाही याच मार्गाने जावे लागेल आणि वेळेचा हाच प्रश्न त्यांच्यापुढेही असेल.

संशोधनात ज्यांचे ज्ञान वापरले जाते, त्यांच्या हक्कांचा विचारही महत्त्वाचा आहे. जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये लाभांच्या न्याय्य वाटणीची तरतूद आहे. केरळमधील काणी आदिवासींनी दाखवलेल्या वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमजवळील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने 'जीवनी' हे शक्तिवर्धक तयार केले आणि त्याच्या उत्पन्नातील वाटा त्या समाजाला देण्यात आला. सर्पदंशाच्या क्षेत्रातही वैदू व आदिवासी यांच्याकडे केवळ माहितीचा स्रोत म्हणून न पाहता भागीदार म्हणून पाहावयास हवे.

तोपर्यंत काय करावे?

नव्या औषधाची वाट पाहताना हाती असलेल्या उपायांचा पूर्ण वापर होणे अत्यावश्यक आहे. दंश झाल्यावर रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात वा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, चोखणे, भाजणे किंवा करकचून दोरी बांधणे टाळावे. तोंडाने काढा वा मुळीचा रस पाजू नये. नाग किंवा मण्यारीच्या विषाने गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असते आणि पाजलेले द्रव श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि त्यात वेदना वा सूज फारशी नसते. पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे अशी लक्षणे दिसताच धोका ओळखावा. जमिनीऐवजी खाटेवर झोपणे, मच्छरदाणी नीट खोचणे, रात्री विजेरी आणि शेतात बूट वापरणे हे साधे उपाय अनेक दंश टाळू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या प्राधान्य यादीत केला. सर्पदंशाने होणारे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट तिने २०१९ मध्ये जाहीर केले. त्याला अनुसरून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजना सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंश हा अधिसूचनीय आजार म्हणून जाहीर करण्याची सूचना राज्यांना केली. प्रत्येक दंशाची नोंद झाली, तर कोणत्या तालुक्यात किती प्रतिविष हवे हे कळेल आणि नव्या औषधांच्या चाचण्यांनाही भक्कम आधार मिळेल.

या कृती योजनेत वैदूंना सहभागी करून घेता येईल. दंशानंतर अनेक कुटुंबे प्रथम त्यांच्याकडेच धाव घेतात. विषबाधेची पहिली लक्षणे ओळखण्याचे आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवण्याचे प्रशिक्षण त्यांना मिळाले, तर ज्या विश्वासामुळे आज वेळ जातो, तोच विश्वास जीव वाचवण्याच्या कामी येईल.

वनस्पतींच्या अर्कांवरील संशोधन चालू राहणे राष्ट्रहिताचे आहे. आधी विष, मग औषध या खडतर कसोटीला उतरलेला, सुरक्षित आणि प्रमाणित असा एखादा रेणू उद्या प्रतिविषाच्या सोबतीला उभा राहू शकेल. परंतु तो दिवस येईपर्यंत, रानातील मुळी शोधण्यात गेलेला प्रत्येक तास हा रुग्णाच्या आयुष्यातून वजा होणारा तास आहे, हे ग्रामसभेपासून आरोग्य केंद्रापर्यंत सर्वांनी ध्यानात ठेवणे गरजेचे आहे.